जॉन लाउडन मॅकॅडम : खडीच्या सडकेचा जनक

विद्यार्थिमित्रहो, ज्या सडकेने आपण रोज सकाळी विद्यालयात येता, तिच्याकडे आपण कधी लक्षपूर्वक पाहिले आहे काय? बहुधा नसावे. सडक चांगली असली म्हणजे तिची आठवण कोणास होत नाही. ती बिघडली म्हणजे मात्र जो तो तिच्या नावाने बोटे मोडू लागतो. गेल्या पावसाळ्यात कर्वेनगरच्या एका खड्ड्यात सायकल आपटून आमच्या एका विद्यार्थ्याचा हात मोडला. तो वर्गात परत आला तेव्हा त्याने आम्हास असा प्रश्न केला की, दरवर्षी नवी खडी पसरतात आणि दरवर्षी ती उखडते, हे असे का व्हावे? त्या प्रश्नाचे उत्तर शोधता शोधता आम्ही ज्या पुरुषाच्या चरित्रापाशी येऊन पोहोचलो, त्याची हकिकत आज आपणांपुढे ठेवण्याचे योजिले आहे.

ज्या थोर पुरुषाच्या नावावरून आपल्या भागास कर्वेनगर म्हणतात, ते महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली आपला अनाथ बालिकाश्रम पुणे शहराबाहेर हिंगणे येथे नेला. त्या वेळी तेथे एक झोपडी व सभोवार माळरान एवढेच होते. पुण्यातील अध्यापनाचे काम आटोपून कर्वे पायी हिंगण्यास जात. पावसाळ्यात ती वाट चिखलाने भरून जाई, आणि आश्रमासाठी लागणारे सामान कित्येकदा स्वतःच उचलून त्यांस तो चिखल तुडवावा लागे. धड सडक नसली म्हणजे सत्कार्याच्या मार्गातही किती अडचणी येतात, हे आपल्या गावाच्या इतिहासावरूनच दिसून येईल. अशा चिखलातून लक्षावधी लोकांस ज्याने बाहेर काढिले, तो पुरुष म्हणजे जॉन लाउडन मॅकॅडम होय.

स्कॉटलंडच्या नैर्ऋत्येस समुद्रकाठी एअर नावाचे नगर आहे. तेथे सप्टेंबर १७५६ मध्ये जॉनचा जन्म झाला. दहा भावंडांत तो सर्वांत धाकटा होता. घराणे खानदानी, परंतु त्याच्या बालपणीच राहत्या घरास आग लागून ते भस्म झाले, आणि पुढे घरची सांपत्तिक स्थितीही खालावत गेली. मेबोल येथील शाळेत असताना त्याने जवळच्या सडकेच्या एका भागाचा लहानसा नमुना आपल्या हाताने तयार केला होता असे सांगतात. इतर मुले जहाजे व किल्ले करीत त्या वयात या मुलाने सडक करावी, ही गोष्ट पुढील आयुष्याची सूचकच म्हणावयाची.

१७७० साली वडील वारले. तेव्हा चौदा वर्षांच्या या मुलास अमेरिकेतील न्यूयॉर्क शहरी त्याच्या चुलत्याकडे पाठविण्यात आले. चुलते व्यापारी होते. त्यांच्या पेढीवर जॉन हिशेबठिशेब, मालाची ने-आण व माणसांची पारख शिकला, आणि अल्पावधीत स्वतःही चांगला द्रव्यसंपन्न झाला. १७७८ साली ग्लोरियाना निकोल हिच्याशी त्याचा विवाह झाला. परंतु त्याच सुमारास अमेरिकेतील वसाहतींचा इंग्लंडच्या राजाशी झगडा चालला होता. मॅकॅडम राजपक्षाचे राहिले. त्या युद्धात वसाहतींचा जय झाला, आणि पराभूत पक्षाच्या वाट्यास जे येते तेच त्यांच्याही वाट्यास आले. मालमत्तेचा मोठा भाग गमावून १७८३ साली ते सहकुटुंब स्वदेशी परतले. वयाची सत्तावीस वर्षेही पुरती झाली नव्हती, तोच त्यांनी वैभव व हानी ही दोन्ही पाहिली होती.

हाती उरलेल्या धनातून त्यांनी एअरशायरमध्ये जमीन घेतली, आणि त्या प्रांतातील प्रतिष्ठित गृहस्थ या नात्याने त्यांची नेमणूक तेथील सडकांच्या विश्वस्त मंडळावर झाली. त्या काळी ब्रिटनमध्ये बहुतेक मोठ्या सडका अशा मंडळांकडे असत. नाक्यावर गाड्या अडवून कर घ्यावयाचा आणि त्या पैशातून सडकेची दुरुस्ती करावयाची, अशी ती व्यवस्था होती. कर घेण्याचे काम चोख चाले. दुरुस्तीचे मात्र तसे नसे. ज्यास दुसरे काही येत नाही अशा माणसास सडकेवर नेमावे, त्याने शेतातले व नदीतले लहानमोठे धोंडे आणून खड्ड्यात लोटावे, वर माती टाकावी, आणि पहिल्या पावसात सारे पुन्हा चिखलात जावे, असा क्रम वर्षानुवर्षे चालला होता. चाकाच्या धक्क्याने गोल धोंडा बाजूस लोळे. त्याच्या जागी पाणी शिरे. पाण्याने खालची माती लोण्यासारखी मऊ होई. आणि मग जड गाडीची चाके तुंब्यापर्यंत रुतत.

हे सर्व पाहून इतर विश्वस्त हळहळत, आणि सभा आटोपून घरी जात. मॅकॅडम यांनी मात्र स्वतःच्या खर्चाने प्रयोग आरंभिले. १७९८ साली आरमाराच्या रसदीच्या कामी त्यांस इंग्लंडच्या दक्षिण टोकास फालमथ येथे जावे लागले. पण तेथेही सडकांचा ध्यास त्यांनी सोडिला नाही. पुढील सोळा वर्षांत त्यांनी ब्रिटनमध्ये सुमारे ३०,००० मैलांचा प्रवास केला, आणि त्यापायी पाच हजार पौंडांच्या घरात पदरमोड केली. कोठे कोणता दगड मिळतो, तो चाकाखाली कसा वागतो, कोठे पाणी साचते, कोठली सडक टिकते व कोठली फुटते, याची टिपणे ते करीत असत. हे काम त्यांस कोणी सांगितले नव्हते आणि त्याबद्दल त्यांस वेतनही नव्हते, हे ध्यानात ठेविले पाहिजे.

एवढ्या भ्रमंतीतून त्यांच्या हाती जे सूत्र लागले ते ऐकावयास अगदी साधे आहे. सडकेवरील सर्व भार शेवटी खालची जमीनच सोसते. ती जमीन कोरडी असेल तर वाटेल ते ओझे सोसील. ती भिजली की तिचे बळ गेले. यास्तव सडक आजूबाजूच्या जमिनीपेक्षा थोडी उंच असावी, दोन्ही अंगांस चर असावेत, आणि वरचा थर असा घट्ट असावा की तो छपराप्रमाणे पाणी बाहेर टाकील. तीस फूट रुंदीच्या सडकेचा मध्य कडेपेक्षा तीन इंच उंच असला म्हणजे पुरे, आणि नीट बसलेला दहा इंचांचा थर वाटेल त्या गाडीस पेलील, असे त्यांचे मत होते.

आता हा छपरासारखा थर करावयाचा कशाचा? येथे मॅकॅडम यांनी सर्वांच्या समजुतीस धक्का दिला. मोठ्या धोंड्यांचा पाया नको, वर माती नको, खडूचा चुरा नको. केवळ फोडलेला, स्वच्छ, कोनदार दगड पाहिजे. खालच्या आठ इंचांत तीन इंचांहून मोठा दगड नसावा, आणि वरच्या दोन इंचांत तर पाऊण इंचाच्या आसपासचीच खडी असावी. यामागील कारणही त्यांनी पुरते विचारात घेतले होते. गाडीच्या लोखंडी धावेची रुंदी सुमारे चार इंच असे. दगड धावेहून लहान असला तर चाक त्यास खाली दाबून बसविते; मोठा असला तर चाक त्याच्या कडेवर आदळून त्यास उलथविते. शिवाय फोडलेल्या दगडास कोन असतात. चाकांच्या वर्दळीने ते कोन एकमेकांत गुंततात, आणि मग कोणत्याही चिखलाच्या साहाय्यावाचून सर्व खडीचे एक अखंड कवच तयार होते. नदीतील गुळगुळीत गोटे कितीही कठीण असले तरी ते असे गुंतत नाहीत. म्हणून लंडनच्या आसपास जो गोल वाळूगोट्यांचा माल मिळे, तो चाळून, माती काढून व फोडून मगच वापरावा, असा त्यांचा आग्रह असे.

दगड सहा औंसांहून, म्हणजे सुमारे १७० ग्रॅमहून, जड नसावा हा त्यांचा नियम. तपासनिसाकडे तराजू नसेल तर त्याने तो दगड तोंडात मावतो की नाही ते पाहावे, असे ते सांगत म्हणतात. यावरून एक विनोदी आख्यायिका निघाली. एका सडकेवर दगड फार मोठे पडलेले पाहून मॅकॅडम यांनी मजुरास जाब विचारला. तेव्हा त्या म्हाताऱ्याने तोंड उघडून दाखविले. त्यात एकही दात शिल्लक नव्हता, आणि म्हणून त्याच्या तोंडात हवा तेवढा दगड मावत होता! कथा खरी असो वा नसो, माप माणसागणिक बदलू लागले म्हणजे काम कसे बिघडते, हे तीत चांगले सांगितले आहे.

१८१६ साली ब्रिस्टल येथील सडकांच्या मंडळाने त्यांस प्रमुख पर्यवेक्षक नेमिले. त्या वेळी त्यांचे वय साठीस आले होते. ज्या वयात बहुतेक माणसे विश्रांतीची भाषा बोलू लागतात, त्या वयात यांच्या खऱ्या कार्यास प्रारंभ झाला! त्यांनी जुन्या सडका उकरून त्यांतील मोठे धोंडे बाहेर काढविले, तेच फोडून, स्वच्छ करून पुन्हा पसरविले, आणि पूर्वीपेक्षा कमी खर्चात चांगली सडक करून दाखविली. त्याच वर्षी व १८१९ साली त्यांची सडकांविषयीची पुस्तके प्रसिद्ध झाली, आणि ठिकठिकाणची मंडळे त्यांस व त्यांच्या मुलांस बोलावू लागली. ज्या टपालगाड्या पूर्वी ताशी पाच-सहा मैल रखडत, त्या सुधारलेल्या सडकांवर नऊ-दहा मैलांच्या वेगाने धावू लागल्या. अमेरिकेत मेरीलँड प्रांती १८२३ साली या पद्धतीची पहिली सडक झाली.

यश आले तशी टीकाही आली. यात नवे काय आहे, असे कित्येकांनी विचारिले; फोडलेला दगड पूर्वीही वापरीत असत, असे दुसऱ्यांनी दाखविले; आणि आपल्या मुलांस कामे मिळवून दिल्याचा आरोपही झाला. १८२३ साली पार्लमेंटच्या समितीपुढे त्यांच्या कार्याची चौकशी झाली. तीतून त्यांची पद्धत तावून सुलाखून निघाली, आणि पुढे सरकारने त्यांची पदरमोड भरून देऊन वर मानधनही दिले. १८२७ साली लंडनभोवतीच्या सडकांचे प्रमुखपद त्यांच्याकडे आले. सर ही पदवी देऊ केली असता वार्धक्याचे कारण सांगून त्यांनी ती नाकारिली. पुढे ती त्यांचे पुत्र जेम्स यांस मिळाली.

चरित्रनायकाची केवळ स्तुतीच करणे हे आम्हास प्रशस्त वाटत नाही. त्याच काळी स्कॉटलंडचाच दुसरा सुपुत्र टॉमस टेलफर्ड हाही सडका बांधीत होता. तो मूळचा पाथरवट. सडकेच्या खाली हाताने रचलेल्या मोठ्या दगडांचा भक्कम पाया असावा, असे त्याचे मत. टेलफर्डची सडक मजबूत होई, पण खर्च भारी येई; मॅकॅडम यांची स्वस्त पडे, म्हणून ती सर्वत्र पसरली. तथापि जमीन अतिशय मऊ असेल तेथे टेलफर्डचे म्हणणे सर्वस्वी टाकाऊ नाही. आपल्या इकडील काळी माती पावसात फुगते व उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर केवळ दहा इंच खडी पसरून भागत नाही. आधी मुरुमाचा थर द्यावा लागतो, कित्येकदा दबर बसवावी लागते. परंतु तेथेही खालची माती कोरडी ठेवण्याचे मॅकॅडम यांचे सूत्र मोडले की वरचा सारा खर्च व्यर्थ जातो.

येथवर आम्ही खडीचा आकार सांगितला. तिची जात सांगितली नाही. मॅकॅडम यांच्या ब्रिस्टलमध्ये चुनखडक मिळे, इतरत्र गारगोटीचा दगड मिळे, आणि त्यांच्या जन्मभूमीत काळसर, कठीण असा ज्वालामुखीजन्य दगड मिळे. हा शेवटला दगड म्हणजे आपल्या काळ्या फत्तराचा सख्खा भाऊच होय. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीच्या भेगांतून तप्त रस बाहेर येऊन थरावर थर पसरले, आणि ते थिजून आपले दख्खनचे पठार बनले. या दगडास भूगर्भशास्त्रज्ञ बेसाल्ट म्हणतात. सह्याद्रीचे कडे, पर्वतीची टेकडी, वेताळ टेकडी ही सर्व त्याचीच.

काही दिवसांपूर्वी आम्ही वरच्या वर्गातील मुलांस वेताळ टेकडीवरील जुन्या खाणीपाशी नेले होते. खाण केव्हाच बंद पडली असून तिच्या खळग्यात आता पाणी साचते व पाखरे येतात. तेथे आम्ही मुलांस खडकाचे नमुने हाताळावयास दिले. काही तुकडे घट्ट, बारीक कणांचे व जड होते. एकावर दुसरा आपटला असता खणखणीत आवाज येई. काही तुकड्यांत बारीक पोकळ्या होत्या, आणि त्यांत पांढरी खनिजे भरलेली होती. ते आपटले असता आवाज बद येई. दोन्ही बेसाल्टच, एकाच ज्वालामुखीची लेकरे. परंतु तप्त रसातील वायू निघून जाऊन जो भाग सावकाश थिजला तो घट्ट झाला, आणि ज्यात वायूचे बुडबुडे अडकले तो सच्छिद्र राहिला. त्या छिद्रांत मागाहून झिओलाइटसारखी खनिजे बसली. संग्रहालयाच्या कपाटात ती मोठी शोभिवंत दिसतात. चाकाखाली मात्र ती टिकत नाहीत. आणि जो खडक हवापाण्याने कुजून त्यात मातीसारखी खनिजे तयार झाली, तो वरून दगड दिसला तरी पाण्यात फुगतो व सुटतो. तेव्हा आपला दगड काळा आहे एवढ्यावर संतुष्ट होऊन चालावयाचे नाही. एकाच खाणीत वरचा थर टाकाऊ व खालचा उत्तम असू शकतो.

मॅकॅडम यांच्या काळी ही पारख डोळ्यांनी व हातोड्याने होई. आता तिच्यासाठी प्रयोगशाळा आहेत. खडी पोलादी पिंपात लोखंडी गोळ्यांसह घालून ते पिंप पाचशे वेळा फिरवितात आणि किती चुरा झाला ते तोलतात. या परीक्षेस लॉस एंजिलिस शहराचे नाव पडले आहे. दुसऱ्या परीक्षेत सुमारे चौदा किलोचा घण ३८ सेंटिमीटर उंचीवरून पंधरा वेळा खडीवर टाकितात. पहिलीने दगडाची झीज कळते, दुसरीने आघात सोसण्याची शक्ती. सडकेच्या वरच्या थरासाठी या दोन्ही परीक्षांत शंभर भागांतील तीस भागांहून अधिक चुरा होऊ नये, असे भारतीय मानकाचे सांगणे आहे. दगड पाणी किती पितो हेही पाहतात. कारण जो अधिक पितो तो बहुधा सच्छिद्र वा कुजलेला असतो. खडीचे तुकडे चपटे व लांबट असले तर तेही दोषास्पद, कारण असा तुकडा ओझ्याखाली पापडासारखा मोडतो.

मॅकॅडम यांची सडक लोखंडी चाकांसाठी होती. चाकांनी जो बारीक चुरा होई तोच पावसाच्या पाण्याने फटींत बसून खडीस बांधून ठेवी. पुढे मोटारगाड्या आल्या, आणि त्यांच्या रबरी चाकांनी तो चुरा ओढून धुळीच्या रूपाने उडवून दिला. खडी सुटी पडू लागली. यावर उपाय म्हणून खडीस डांबराचा लेप देण्यात येऊ लागला. इंग्लंडात एडगर हूली याने विसाव्या शतकाच्या आरंभी असा तयार माल काढिला, आणि त्याच्या टारमॅक या नावात मॅकॅडम हे नाव अर्धे तरी अजरामर झाले. येथेही दगडाच्या जातीचा संबंध आहे. गारगोटीचा अंश अधिक असलेल्या दगडावरून पाणी लागताच डांबर सुटू पाहते. आपला घट्ट काळा दगड ते पुष्कळ चांगले धरून ठेवितो. मात्र त्यावर धूळ वा मातीचा लेप असेल तर डांबर दगडास न चिकटता त्या धुळीस चिकटते, आणि पहिल्या मुसळधार पावसात दोन्ही मिळून निघून जातात. आमच्या त्या विद्यार्थ्याच्या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी येथे आहे. पाणी वाहून जाण्यास वाट नाही, खाली भिजलेली माती, वर न धुतलेली अथवा कुजकी खडी. मग सडक टिकावी कशी?

काँक्रीटचाही विचार येथेच केला पाहिजे, कारण आता कर्वेनगरात ज्या बाजूस पाहावे त्या बाजूस उंच इमारती आहेत. मॅकॅडम हयात असतानाच, १८२४ साली, इंग्लंडातील लीड्स येथील जोसेफ ॲस्पडिन याने पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. काँक्रीट म्हणजे सिमेंट असा पुष्कळांचा समज असतो. वास्तविक काँक्रीटच्या आकारमानाचा सुमारे पाऊण हिस्सा खडी व वाळूचा असतो. खडी दुबळी तर काँक्रीट दुबळे. खडीवर माती असेल तर सिमेंट तीस धरीत नाही. आणखी एक सूक्ष्म शत्रू आहे. काही दगडांतील काचमय अथवा अतिसूक्ष्म स्फटिकांची सिलिका सिमेंटमधील अल्कलीशी संयोग पावते, पाणी शोषून फुगते आणि वर्षानुवर्षांनी काँक्रीटला भेगा पाडते. हा रोग १९४० साली कॅलिफोर्नियातील टॉमस स्टँटन याने प्रथम उजेडात आणिला. बेसाल्टच्या पोकळ्यांत कधी कधी अशी सिलिका असते. म्हणून धरणे व पूल यांसाठी दगड निवडताना त्याची अगोदर परीक्षा करितात.

पालकवर्गापैकी जे कोणी स्वतःचे घर बांधवीत असतील त्यांस आमची विनंती आहे की, दारात खडीची गाडी रिकामी झाली म्हणजे चार तुकडे हाती घेऊन पाहावेत. ते एकमेकांवर आपटावेत. आवाज खणखणीत आहे की बद? ताजा फोडलेला भाग पाहावा. पांढरे ठिपके व छिद्रे फार आहेत काय? मूठभर खडी पाण्यात खळबळावी. पाणी गढूळ होते काय? इतक्या साध्या पाहणीने प्रयोगशाळेचे काम भागत नाही हे खरे. तथापि कोणता प्रश्न विचारावा एवढे तरी कळेल.

दगड फोडणारांविषयी दोन शब्द लिहिल्यावाचून हे चरित्र पुरे व्हावयाचे नाही. पूर्वी मजूर उभे राहून जड घणाने दगड फोडीत. मॅकॅडम यांनी बसून, लहान हातोडीने दगड फोडण्याची रीत घातली. त्यामुळे वृद्ध माणसे, स्त्रिया व मुलेही ते काम करू लागली आणि अनेक उपाशी कुटुंबांस भाकरी मिळाली. त्या काळी हे उपकारच वाटले. आज आम्हास मुलांच्या हाती हातोडी पाहणे सहन होऊ नये. आपल्याकडेही वडार समाजातील कुटुंबांनी पिढ्यान् पिढ्या घण व सुतकी चालवून सडका, पूल व घरे उभी केली. आता खडीची यंत्रे आली. परंतु तेथे उडणारी दगडाची धूळ श्वासाबरोबर फुप्फुसात जाते, आणि ज्या दगडात गारगोटीचा अंश अधिक तेथे तर ती प्राणघातक होते. ज्या सडकेवरून आपण सुखाने चालतो, तिच्यासाठी कोणी तरी श्वास खर्ची घातला आहे, हे सुशिक्षितांनी विसरणे म्हणजे कृतघ्नता होय. धूळ बसविण्यासाठी पाणी शिंपणे, तोंडावर योग्य आच्छादन देणे, मुलांस खाणीतून शाळेत आणणे, या गोष्टी दयेच्या नसून न्यायाच्या आहेत.

मॅकॅडम यांचा शेवट प्रवासातच झाला. उतारवयात ते लंडनच्या उत्तरेस हॉडस्डन येथे राहत आणि दरवर्षी आपल्या जन्मभूमीची भेट घेत. अशाच एका भेटीहून परत येत असता २६ नोव्हेंबर १८३६ रोजी स्कॉटलंडातील मॉफट या गावी, वयाच्या ऐंशीव्या वर्षी, त्यांनी देह ठेविला. त्या वेळी इंग्लंडात आगगाडी धावू लागली होती आणि सडकांचे दिवस संपले असे लोक बोलू लागले होते. परंतु आगगाडीच्या रुळांखाली आजही तीच फोडलेली कोनदार खडी पसरलेली असते, आणि तिचे काम तेच: भार सोसावयाचा व पाणी जाऊ द्यावयाचे. आपल्या इकडे १८३० साली सर जॉन माल्कम या स्कॉटिश गव्हर्नराच्या कारकिर्दीत बोरघाटातून गाड्यांची सडक खुली झाली आणि मुंबई व पुणे ही शहरे चाकांनी जोडली गेली. त्या घाटाने जाताना तो काळा कडा पाहिला म्हणजे दगड फोडणाऱ्या हजारो अनाम हातांची आठवण आम्हास होते.

खडकावर घर बांधणारा शहाणा व वाळूवर बांधणारा मूर्ख, हा दृष्टांत आपण प्रार्थनेच्या तासाला अनेकदा ऐकिला आहे. मॅकॅडम यांच्या चरित्राने त्यास एक जोड मिळते असे आम्हास वाटते. खडक सर्वांस सारखा लाभत नाही. पुष्कळांच्या पायाखाली मातीच असते. ती माती कोरडी राखणे आणि लहान लहान दगड निवडून, स्वच्छ करून एकमेकांत घट्ट बसविणे, एवढे मात्र प्रत्येकाच्या हाती आहे. घर जळाले, संपत्ती गेली, देश सोडावा लागला, तरी या मनुष्याने ज्या कामाकडे कोणी ढुंकून पाहत नव्हते ते हाती घेतले, आणि साठीनंतर ते सिद्धीस नेले.

हात मोडलेला आमचा तो विद्यार्थी आता बरा झाला आहे. परवा तो व त्याचे दोन मित्र फाटकाजवळच्या नव्या खडीच्या ढिगापाशी बसून दोन तुकडे कानाशी धरून आपटीत होते. घंटा झाली होती आणि त्यांस उशीर होत होता. तरी आम्ही त्या दिवशी त्यांस काही बोललो नाही.